स्वरलेखन, संगणकीय

स्वरलेखन, संगणकीय : वाजविलेले किंवा मनात योजिलेले संगीत संगणकाच्या साहाय्याने चिन्हांत मांडण्याची, त्यात फेरफार करण्याची व ते छापण्याची पद्धती. हिची दोन रूपे प्रचारात आहेत. पहिल्या रूपात संगणक हा कुशल खिळेजुळाऱ्याचे काम करतो. स्वररचना आधीच ठरलेली असते व ती कागदावर नेटकेपणाने उतरविणे एवढाच हेतू असतो. दुसऱ्या रूपात ध्वनिमुद्रणासाठी तयार केलेल्या आज्ञावलीतच स्वरलेखन-संपादक अंतर्भूत केलेला असतो. वादकाने कळफलकावर वाजविलेले स्वर आज्ञावली टिपून घेते आणि तीच नोंद पडद्यावरील एका खिडकीत पंचरेखेवर मांडून दाखविते. पडद्यावरील स्वरचिन्ह वर सरकविले, तर ऐकू येणारा स्वरही चढतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे ह्या दुसऱ्या रूपाचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : संगीताचे लेखन आणि संगीताचे मुद्रण ह्या मुळात दोन वेगळ्या परंपरा होत. अकराव्या शतकात इटालियन भिक्षू आरेत्सोचा ग्वीदो (सु. ९९१–१०३३ नंतर) ह्याने रेषा व रेषांमधील जागा यांवर स्वर मांडण्याची पद्धत रूढ केली. १५०१ मध्ये व्हेनिस येथे ओत्ताव्यानो पेत्रुच्ची ह्याने सुटे खिळे वापरून बहुस्वरी संगीताचा पहिला छापील संग्रह प्रसिद्ध केला. त्यानंतर दीर्घकाळ कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर ठशांनी चिन्हे ठोकून पृष्ठे तयार केली जात. हे काम इतके किचकट होते, की छपाईची गोडी-वाईट ठरविणारी सूक्ष्म अंतरे केवळ जाणत्या कारागिराच्या नजरेत राहत.

यांत्रिक मुद्रणाची परंपरा यापेक्षा निराळी. १९०४ मध्ये जर्मनीतील वेल्टे कंपनीने ‘वेल्टे-मिन्यों’ ही यंत्रणा पुढे आणली. तीत पियानोवादकाचे वादन कागदाच्या गुंडाळीवर छिद्रांच्या रूपाने उतरे व पुढे ते पियानोवर पुन्हा वाजविता येई. गुंडाळीवरील छिद्राची लांबी म्हणजे स्वराचा प्रत्यक्ष काळ. पंचरेखेवर मात्र काळ लांबीने मापला जात नाही, तो मात्रांच्या हिशेबाने सांगितला जातो. वादकाने एखादा स्वर किंचित रेंगाळत घेतला, तर गुंडाळीवर ते रेंगाळणे दिसते, स्वरलिपीत दिसत नाही; आणि तो स्वर ‘अर्ध्या मात्रेचा’ आहे हे स्वरलिपी सांगते, गुंडाळी सांगत नाही. आजच्या ध्वनिमुद्रण-आज्ञावलींत स्वर आडव्या पट्ट्यांनी दाखविणाऱ्या खिडकीस ‘पियानो रोल’ म्हणतात, ते ह्या गुंडाळीवरूनच. तिच्या शेजारी स्वरलिपीची खिडकी बसविताना जो झगडा उद्भवला, तोच ह्या विषयाचा गाभा होय.

प्रारंभीचे प्रयत्न : संगणकाने ध्वनी निर्माण करण्याचे कार्य अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज (१९२६–२०११) यांनी १९५७ मध्ये सुरू केले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतरचनाकार लीलंड स्मिथ (१९२५–२०१३) यांनी अशा ध्वनिनिर्मितीसाठी स्वर, काल इ. माहिती संगीतकाराला सोयीची होईल अशा रीतीने संगणकास पुरविणारी ‘स्कोर’ ही भाषा तयार केली. तिच्यातूनच पुढे छपाईची आज्ञावली उत्क्रांत झाली आणि १९८७ मध्ये ती वैयक्तिक संगणकासाठी उपलब्ध झाली. ‘स्कोर’ने छापलेली पृष्ठे प्रकाशकांनी दीर्घकाळ प्रमाण मानली, मात्र तीत प्रत्येक चिन्हाची माहिती आकड्यांनी द्यावी लागे.

वाजविलेले संगीत आपोआप लिहिले जावे, ह्या प्रश्नाचा तात्त्विक उलगडा ब्रिटिश शास्त्रज्ञ क्रिस्टोफर लाँगेट-हिगिन्झ (१९२३–२००४) यांनी केला. १९७६ मध्ये नेचर ह्या नियतकालिकात त्यांनी दाखवून दिले, की श्रोता स्वरांच्या क्षणांवरून मात्रांची उतरंड मनात सतत बांधीत असतो, वादकाच्या लयीतील चढउताराबरोबर ती बदलीत असतो, आणि यंत्रालाही हेच करावे लागेल. एकच पट्टी ‘सी शार्प’ लिहावी की ‘डी फ्लॅट’, हा निर्णयही केवळ त्या पट्टीवरून होत नाही, भोवतीच्या स्वरांवरून होतो, हेही त्यांनी मांडले.

१९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात सेव्हेरो ऑर्नस्टीन व जॉन मॅक्सवेल यांनी ‘मॉकिंगबर्ड’ ही प्रणाली बनविली. रचनाकाराने विद्युत् कळफलकावर वाजवावे आणि पडद्यावर स्वरांचे ठिपके उमटावेत. मग त्याने ठिपक्यांना मात्रा, बार व निरनिराळे आवाज द्यावेत, अशी तिची रीत होती. यंत्राने मात्रांचा अंदाज स्वतः करावा, हा हव्यास तिच्या कर्त्यांनी जाणूनबुजून टाळला. नंतरच्या अनेक आज्ञावलींनी ह्या संयमाचे अनुकरण केले असते, तर नवशिक्यांचा पुष्कळसा मनस्ताप वाचला असता.

मिडी : विविध कंपन्यांची विद्युत् वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत ह्यासाठी अमेरिकेतील डेव्ह स्मिथ (१९५०–२०२२) व जपानमधील रोलँड कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी (१९३०–२०१७) यांच्या पुढाकाराने ‘मिडी’ हा संकेत ठरला. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या प्रदर्शनात ‘प्रॉफेट-६००’ व ‘ज्युपिटर-६’ हे दोन भिन्न कंपन्यांचे सिंथेसायझर तारेने जोडून दाखविण्यात आले. ह्या संकेतात ध्वनी पाठविला जात नाही. ‘अमुक पट्टी, अमुक जोराने दाबली’ आणि ‘ती सोडली’ एवढाच निरोप जातो. पट्ट्यांना ० ते १२७ असे १२८ क्रमांक असून मध्य ‘सी’चा क्रमांक ६० आहे. वेग सेकंदास ३१,२५० बिट असल्याने तीन बाइटांचा एक निरोप पोहोचण्यास सु. एक सहस्रांश सेकंद लागतो.

लेखनाच्या दृष्टीने ह्या निरोपात काय नाही, ते महत्त्वाचे आहे. त्यात मात्रा नाही, ताल नाही, शार्प-फ्लॅटचा भेद नाही, डावा हात व उजवा हात हा विवेक नाही. क्रमांक ६१ हा केवळ ६१ आहे. यंत्रातील घड्याळाने प्रत्येक निरोपावर वेळेचा शिक्का मारला, म्हणजे जे हाती येते, ती वेल्टेच्या गुंडाळीचीच आधुनिक आवृत्ती होय. तिच्यातून स्वरलिपी काढणे म्हणजे नसलेली माहिती तर्काने भरून काढणे.

मात्राबद्धीकरण : हे तर्काचे काम ‘क्वांटायझेशन’ ह्या नावाने ओळखले जाते, त्यास मात्राबद्धीकरण म्हणता येईल. एका उदाहरणाने ते स्पष्ट होईल. एका मात्रेचे ४८० सूक्ष्म भाग कल्पिले आणि लय मिनिटाला १२० मात्रा धरली, तर एक भाग एक सहस्रांश सेकंदापेक्षा किंचित मोठा येतो. चतुर्थांश मात्रा म्हणजे १२० भाग. वादकाने १,४४० व्या भागावर घ्यावयाचा स्वर १,४६७ व्या भागावर घेतला, तर तो सु. २८ सहस्रांश सेकंदांनी उशिरा आला. कानाला हा उशीर खटकत नाही, किंबहुना वादनाची रंगत त्यातच असते. परंतु हे २७ भाग जसेच्या तसे लिहू गेल्यास मात्रेच्या बत्तिसाव्या हिश्शाचे (१५ भागांचे) चिन्हही अपुरे पडते. पान बारीकसारीक विरामांनी व जोडरेघांनी भरून जाते आणि कोणालाही वाचता येत नाही. म्हणून आज्ञावली स्वर जवळच्या चतुर्थांश मात्रेवर ओढून बसविते.

मात्र ‘जवळची’ म्हणजे कोणती, हे आधी ठरलेले असावे लागते. मात्रेचे तीन समान भाग करून वाजविणाऱ्याचा तिसरा स्वर ३२० व्या भागावर यावयास हवा. तो ३३५ वर आला आणि संपादकास केवळ चतुर्थांश मात्रा ठाऊक असतील, तर तो ३६० वर नेऊन बसविला जातो. तिस्र जातीचे वादन कागदावर चतुरस्र होऊन उतरते. वाजविले एक आणि लिहिले भलतेच, अशी जी तक्रार नव्याने शिकणारे करतात, तिचे मूळ बहुधा येथे असते.

विकास : १९८० च्या दशकाच्या मध्यास स्वर टिपणारी व स्वर लिहिणारी अशा दोन आज्ञावली वेगवेगळ्या विकत घ्याव्या लागत, मॅकिंटॉश संगणकासाठी एकाच कंपनीने काढलेल्या ‘प्रोफेशनल कंपोझर’ व ‘परफॉर्मर’ ह्या दोन आज्ञावलींवरून ही विभागणी स्पष्ट होते. दोहोंचा मेळ मुख्यतः जर्मनीतील हँबर्ग येथे बसला. १९८५ मध्ये आलेल्या ‘अटारी एसटी’ ह्या स्वस्त संगणकात मिडीची जोडणी मुळातच दिलेली होती. त्यावर गेरहार्ड लेंगेलिंग व ख्रिस अ‍ॅडम यांनी ‘क्रिएटर’ ही स्वर टिपणारी आज्ञावली तयार केली आणि १९८८ च्या सुमारास तिच्यात स्वरलिपीची खिडकी घालून ‘नोटेटर’ सिद्ध केली. तिच्यात मूळ वादन जसेच्या तसे राखून केवळ त्याचे दर्शनी रूप मात्राबद्ध करता येई. कान व डोळा यांच्यातील भांडण मिटविण्याचा हा उपाय साधा वाटला, तरी तो निर्णायक ठरला. स्वरलिपी म्हणजे वादनाची नक्कल नव्हे, तर त्याचा एक अर्थ होय, हे तत्त्व त्यात मान्य झाले. ह्याच मंडळींची ‘लॉजिक’ ही आज्ञावली १९९३ मध्ये आली व २००२ मध्ये ॲपल कंपनीने ती चालविणारी एमॅजिक ही संस्था विकत घेतली. हँबर्गमधीलच स्टाइनबर्ग कंपनीच्या ‘क्यूबेस’मध्येही (१९८९) पुढे अशीच सोय झाली.

केवळ छपाईच्या आज्ञावली समांतर वाढत राहिल्या. अमेरिकेतील फिल फरांड यांची ‘फिनाले’ १९८८ मध्ये, तर बेन व जोनाथन फिन ह्या इंग्रज बंधूंची ‘सिबेलियस’ १९९३ मध्ये आली. २००६ मध्ये ‘सिबेलियस’ अ‍ॅव्हिड कंपनीकडे गेली आणि तिचे स्वरलेखन-तंत्र अ‍ॅव्हिडच्याच ‘प्रो टूल्स’ ह्या ध्वनिमुद्रण-आज्ञावलीच्या आठव्या आवृत्तीत उतरले. ‘सिबेलियस’चे लंडनमधील कार्यालय २०१२ मध्ये बंद झाल्यावर तेथील निर्माते स्टाइनबर्गकडे गेले, त्यांनी २०१६ मध्ये ‘डोरिको’ निर्माण केली व २०२४ अखेरच्या ‘क्यूबेस’च्या चौदाव्या आवृत्तीत जुना संपादक काढून ‘डोरिको’वर आधारलेला संपादक बसविण्यात आला. ‘रीपर’ ह्या स्वस्त व लोकप्रिय आज्ञावलीत स्वरलिपीची खिडकी २०१६ मध्ये आली.

उलट दिशेचा प्रवासही घडला. लिनक्स प्रणालीवरील ‘म्यूज’ ह्या स्वर टिपणाऱ्या आज्ञावलीत स्वरलिपीचा भाग होता. तो फार बोजड होऊ लागल्याने तिचे जर्मन कर्ते व्हेर्नर श्वेअर यांनी २००२ मध्ये तो वेगळा काढला आणि त्यातून ‘म्यूजस्कोर’ ही स्वतंत्र आज्ञावली वाढली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २०११ मध्ये निघाली. विनामूल्य व मूळ संहितेसह उपलब्ध असल्याने शाळा-महाविद्यालयांत ती सर्वत्र पसरली. ध्वनिमुद्रणाच्या घरातून बाहेर काढलेली खोलीच पुढे घरापेक्षा मोठी झाली, असा हा प्रकार.

ह्या सर्व आज्ञावलींच्या फाइली परस्परांस अगम्य होत्या. मिडीची प्रमाण फाइल १९८८ पासून आहे, परंतु तीत लेखनाचे संकेत राहत नाहीत. मायकेल गुड यांनी तयार केलेल्या ‘म्युझिकएक्सएमएल’ ह्या देवाणघेवाणीच्या स्वरूपाची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली. तिचे महत्त्व ऑगस्ट २०२४ मध्ये प्रकर्षाने जाणवले. ‘फिनाले’चा विकास थांबविल्याची घोषणा तेव्हा तिच्या कंपनीने केली आणि छत्तीस वर्षांत जगभर साठलेल्या स्वरलिपी अन्य स्वरूपात उतरवून घेण्याची निकड निर्माण झाली.

वापराचा क्रम : संपादक प्रथमच हाताळणाऱ्याने पुढील क्रम पाळणे इष्ट ठरते. प्रथम लय निश्चित करून आज्ञावलीचा टिकटिकता ठेका सुरू करावा व त्याच्याबरोबर वाजवावे. ठेक्याविना वाजविलेल्या वादनाला बार नसतात, आणि ते नंतर लावणे हे सर्वांत कष्टाचे काम होय. त्यानंतर तालमान, की-सिग्नेचर व क्लेफ ही तिन्ही चिन्हे वादनाआधीच द्यावीत. की-सिग्नेचर दिलेली नसल्यास शार्प-फ्लॅटचा गोंधळ अटळ असतो. वादनात आलेला सर्वांत लहान कालखंड कोणता, तिस्र जाती आहे किंवा नाही, ते पाहून दर्शनी मात्राबद्धीकरण ठरवावे. स्वरांची लांबीही बांधून घ्यावी, नाहीतर पट्टी किंचित लवकर सोडल्याबद्दल प्रत्येक स्वरामागे एक विराम उमटतो. कळफलकाचे वादन असल्यास दोन पंचरेखांत ते विभागण्याचा स्वर सांगावा लागतो. शब्द, ज्ञप्तिचिन्हे, मींडेच्या कमानी इ. सर्वांत शेवटी घालावे. कळफलक वाजविता न येणारा अभ्यासक एकेक स्वर माऊसने ठेवू शकतो. त्याला मात्राबद्धीकरणाची अडचण मुळीच भेडसावत नाही, फक्त वेळ फार लागतो.

मुंबईची परंपरा : यंत्राकडे आलेले हे काम मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पूर्वी माणसे करीत. संगीत-दिग्दर्शक हार्मोनियमवर चाल सांगे, ती सरगमात टिपली जाई आणि संयोजक तिचे पंचरेखी लेखन करून व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट इ. वादकांचे वेगवेगळे कागद तयार करी. हे संयोजक व वादक बहुतांशी गोमंतकीय ख्रिस्ती होते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या शाळांतून त्यांना पाश्चात्त्य स्वरलेखनाचे शिक्षण लहानपणीच मिळे. शंकर-जयकिशन यांचे संयोजक सेबॅस्टियन डिसूझा (१९०६–९८) आणि मजोर्डा येथील व्हायोलिनवादक व शिक्षक अँथनी गोन्साल्व्हिस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. गोन्साल्व्हिस यांचे नाव त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी अमर अकबर अँथनी (१९७७) ह्या चित्रपटातील गीतामुळे घरोघर पोहोचविले. ते नाव धारण करणारा माणूस कोण, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. ध्वनिमुद्रण आटोपले, की त्या कागदांचे प्रयोजन संपे. रागातील स्वरवाक्य बारमध्ये कोठे तोडावे, मींड कोणत्या चिन्हाने दाखवावी, कोणती हरकत लिहूच नये, हे निर्णय संयोजक जाणतेपणाने घेत. त्यांचा हा विवेक संपादकातील कोणत्याही कळीत नाही.

हिंदुस्थानी संगीत आणि संपादक : भारतीय संगीत लिहिण्याचा आधुनिक प्रयत्न एकोणिसाव्या शतकात बडोद्यास मौलाबख्श (१८३३–९६) यांनी केला. पुढे ⇨ विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) व ⇨ विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांच्या दोन लिपी प्रचारात आल्या. भातखंडे यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकास खाली व तार सप्तकास वर बिंदू, एका मात्रेतील स्वरांखाली कमान, समेस गुणाकाराचे चिन्ह व खालीस शून्य येते. पलुसकर यांच्या लिपीत समेस १ चा आकडा, खालीस अधिकचिन्ह आणि कालमानासाठी स्वराखाली स्वतंत्र चिन्हे आहेत; ती अधिक काटेकोर असली, तरी छपाईस जड पडली. भातखंडे यांची लिपी सोपी व साध्या छापखान्यात जुळविता येण्याजोगी असल्याने तीच अधिक पसरली. लिपी कोणती टिकावी हे अनेकदा छापखाना ठरवितो, ह्याचे हे मराठी मुलखातील उदाहरण.

संगणकावर हा न्याय पुन्हा लागू झाला. ध्वनिमुद्रण-आज्ञावलींतील संपादक पंचरेखा गृहीत धरतात. देवनागरी सरगमाची, तालाच्या आवर्तनानुसार ओळ तोडणारी खिडकी त्यांच्यात सहसा नसते. पाश्चात्त्य संगीताची चिन्हे युनिकोड ह्या अक्षरसंकेतात २००१ पासून समाविष्ट आहेत. भातखंडे-लिपीसाठी मात्र देवनागरी अक्षराला वर-खाली जोडावयाची सामान्य चिन्हेच वापरावी लागतात, आणि ‘रे’, ‘नि’ यांसारख्या अक्षरांची वेलांटी वा मात्रा आणि तार सप्तकाचा बिंदू एकाच जागेसाठी भांडतात. कमानीखाली चार स्वर नेमके बसविणे त्याहून अवघड. म्हणून अभ्यासक बहुधा सारणीचे चौकोन आखून त्यांत सरगम टंकलिखित करतात. तो कागद वाचता येतो, वाजत नाही.

दुसरी अडचण स्वरांचीच आहे. मिडीच्या पट्ट्या सप्तकात बाराच, त्याही समान अंतराच्या. हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी त्यांचा पुरस्कार केला आणि १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत त्यांच्या श्रुति-हार्मोनियमवर वादंग झाले. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर घातलेली बंदी १९७१ पर्यंत कायम होती. जे आक्षेप तेव्हा हार्मोनियमवर घेतले गेले, ते शब्दशः मिडी कळफलकास लागू पडतात. स्वर वाकविण्यासाठी मिडीत १६,३८४ पायऱ्यांचे साधन आहे. परंतु ते एका वाहिनीतील सर्व स्वरांना एकदमच वाकविते. एकेका स्वराला स्वतंत्र उंची देण्याची सोय मिडीच्या २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या दुसऱ्या आवृत्तीत आली. दरबारी कानड्याचा आंदोलित गंधार त्यामुळे टिपता येईल. स्वरलिपीच्या खिडकीत मात्र तो अद्यापि एक कोमल गंधार म्हणूनच उमटतो. भातखंडे यांच्या पुस्तकांतही तो तसाच छापलेला आहे, पण ती पुस्तके गुरूसमोर बसून वाचावयाची होती.